जेवणाचा वेळ कुणाच्या मालकीचा?

माझी धाकटी बहीण नर्स आहे. महिन्यातले आठ-दहा दिवस तिला रात्रपाळी असते. मागे आमचे काका तिच्याच वॉर्डात दाखल होते, तेव्हा सोबतीला म्हणून मी तिथे दोन रात्री काढल्या आणि ती कशी जेवते ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. दोन वाजत आले होते. औषधांच्या कपाटाशेजारी, भिंतीला पाठ टेकवून, ती उभ्यानेच जेवत होती. डब्याचं झाकण डाव्या तळहातावर ताटलीसारखं धरलेलं, आणि घासागणिक नजर खाटांवरच्या लाल दिव्यांकडे. चार-पाच मिनिटं झाली असतील, कोपऱ्यातल्या खाटेचा दिवा लागला. हातातला घास तोंडात कोंबून तिने झाकण लावलं आणि गेली. उरलेला डबा तिने पहाटे साडेपाचला संपवला, गारढोण, तितक्याच घाईने. "जरा बसून तरी खा गं," मी म्हटलं. ती म्हणाली, "ताई, बसायचं कुठे? आणि माझ्या जागी बघणार कोण?"

टेबलावर रात्रीचा तक्ता पडलेला होता. कोणत्या खाटेला किती वाजता सलाईन बदलायचं, कुणाचं तापमान कधी घ्यायचं, इंजेक्शन कधी, पट्टी कधी. प्रत्येक कामाला रकाना, प्रत्येक रकान्यात वेळ आणि सही. त्या रात्री तिथे काम करणाऱ्या तिघींनी जेवायचं कधी, याला रकाना नव्हता.

काही महिन्यांनी तिची नेहमीची तपासणी झाली. साखर काठावर आली होती. आहाराचा एक छापील कागद तिच्या हातात पडला. गोड टाळा, तळलेलं टाळा, भाज्या वाढवा. आणि एक ओळ: 'रात्रीचं जेवण आठच्या आत घ्यावं.' त्या आठवड्यात तिची ड्यूटी रात्री आठलाच सुरू होत होती.

कागदावरचा सल्ला चुकीचा नव्हता. पण तो चुकीच्या माणसाला दिला होता. माझ्या बहिणीच्या जेवणाची वेळ ती ठरवतच नाही. ती वेळ ठरवणारा तक्ता कुणीतरी दुसरंच आखतं, आणि त्याला असा कागद कधी कुणी देत नाही. आहार आणि आरोग्य यांच्यावर आपण इतकं बोलतो, पण ते सगळं बोलणं माणसाच्या ताटापासून सुरू होतं आणि त्याच्या मनोनिग्रहाशी येऊन थांबतं. काय खाल्लं, किती खाल्लं, मोह का आवरला नाही. कधी खाल्लं, किती मिनिटांत खाल्लं, बसून खाल्लं का, खाताना लक्ष कुठे होतं, हे प्रश्न मागे पडतात. आणि नेमक्या याच गोष्टी बहुतेक लोकांच्या हातात नसतात. माझं म्हणणं एवढंच आहे की जेवणाचा वेळ ही सार्वजनिक आरोग्याची बाब आहे. पिण्याच्या पाण्याची जबाबदारी आपण एकेकट्या माणसावर टाकून मोकळे होत नाही, तशी ही जबाबदारीही कामाच्या, शाळांच्या आणि पाळ्यांच्या वेळा आखणाऱ्यांनी घ्यायला हवी.

वेळेने एवढा काय फरक पडतो, असं वाटू शकतं. अन्न तेच, पोट तेच. पण शरीर चोवीस तास एकसारखं नसतं. २०१७ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना मिळालं. पेशींच्या आत दिवसरात्रीचं चक्र चालवणारी यंत्रणा त्यांनी फळमाश्यांमध्ये उलगडून दाखवली होती. माणसाच्या मेंदूत एक मुख्य घड्याळ आहे, ते उजेडावर लागतं. पण यकृत, स्वादुपिंड, आतडी यांचीही आपापली घड्याळं आहेत आणि त्यांच्यावर जेवणाच्या वेळेचा मोठा प्रभाव असतो. उंदरांना त्यांच्या झोपेच्या वेळातच खायला दिलं, तर काही दिवसांत यकृताचं घड्याळ नव्या वेळेला सरकतं आणि मेंदूतलं मात्र जागच्या जागी राहतं. एकाच घरातली दोन घड्याळं दोन वेगळ्या वेळा दाखवू लागतात.

माणसात याचं काय होतं, तेही मोजलेलं आहे. बॉस्टनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून एकच जेवण सकाळी आठला आणि रात्री आठला दिलं. झोप आणि कामाच्या वेळांचा परिणाम वेगळा काढल्यावरही, त्याच जेवणानंतरची रक्तातली साखर शरीराच्या आतल्या घड्याळानुसार संध्याकाळी १७ टक्के जास्त चढत होती. दिवस कलायला लागला की साखर हाताळण्याची शरीराची ताकद उतरते. रात्री दोनला तर विचारायलाच नको.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो २०२१ सालचा प्रयोग. १९ निरोगी तरुण माणसांना चौदा दिवस प्रयोगशाळेत ठेवून त्यांच्याकडून रात्रपाळीचं वेळापत्रक पाळून घेतलं. काहींना रात्रपाळीवाले जेवतात तसं रात्री आणि दिवसा दोन्ही वेळी जेवण दिलं, काहींना फक्त दिवसा. जागरण दोघांचं सारखंच. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्के वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांत तशी लक्षणीय वाढ दिसली नाही. प्रयोग छोटा आहे, तेवढ्यावरून कायदे लिहिता येत नाहीत, हे मान्य. पण रात्रपाळी अटळ असली तरी तिच्या नुकसानाचा काही भाग नुसत्या जेवणाच्या वेळेने टाळता येण्याची शक्यता त्याने दाखवली. माझ्या बहिणीने निघायच्या आधी, उजेड असताना मुख्य जेवण घ्यावं आणि रात्री अगदी थोडंसं खाऊन भागवावं, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. त्यासाठी संध्याकाळी सहाला तिला घरी असावं लागेल. ती त्या वेळी बसमध्ये असते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण वेळेच्या नावाखाली आता बराच बाजार मांडला जातो. सकाळचं खाणं चुकवलं की वजन वाढतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. २०१९ मध्ये अशा १३ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सकाळी खाणाऱ्यांच्या पोटात दिवसभरात सरासरी २६० कॅलरी जास्तच गेल्याचं दिसलं. म्हणजे ज्याला सकाळी भूक लागत नाही, त्याच्या घशाखाली बळेच घास उतरवण्यात अर्थ नाही. तसंच सोळा तास उपाशी आणि आठ तासांत जेवण हा प्रकार. २०२० च्या एका प्रयोगात ११६ जणांवर बारा आठवडे तो करून पाहिला. दुपारी बारा ते रात्री आठ या वेळातच जेवणारे आणि नेहमीसारखं तीन वेळा जेवणारे यांच्या वजनातला फरक नजरेत भरण्याजोगा नव्हता. घड्याळात जादू नाही. म्हणून 'अमुक वाजता खा आणि बारीक व्हा' असं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नये. मी वेळेबद्दल बोलते आहे ती चमत्कार म्हणून नाही. शरीराला जेवणाचा नेम लागतो, पुरेशी मिनिटं लागतात आणि दिवसाउजेडी खाल्लेलं त्याला जास्त मानवतं, एवढंच माझं म्हणणं. या गोष्टी फुकट असायला हव्या होत्या, पण आज त्या ज्याच्या हाती आपला दिवस आहे त्यालाच परवडतात.

मिनिटांचं बोलू. घास पोटात गेल्यागेल्या मेंदूला खबर लागत नाही. जठर ताणलं जातं, आतड्यांतून संप्रेरकं सुटतात, ती रक्तातून आणि मज्जातंतूंतून 'पुरे' असं सांगतात. याला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. २०१० मध्ये एक साधा प्रयोग झाला. १७ पुरुषांना ३०० मिलिलिटर आइस्क्रीम एकदा पाच मिनिटांत संपवायला लावलं आणि एकदा तीस मिनिटांत. आइस्क्रीम तेच, माणसं तीच. सावकाश खाल्लं तेव्हा पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या दोन संप्रेरकांची पातळी स्पष्टपणे जास्त होती. ज्याला दहा मिनिटांत ताट रिकामं करून उठायचं आहे, त्याचं पोट भरल्याचा निरोप येईपर्यंत तो उठून कामाला लागलेला असतो. पोटाला तडस लागते ती नंतर, आणि तासाभराने पुन्हा काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं तेही नंतर.

आणि लक्ष. कामाच्या टेबलावर, पडद्याकडे पाहत जेवणं ही आता मेहनती माणसाची खूण झाली आहे. २०११ सालच्या एका अभ्यासात ४४ जणांना दुपारचं सारखंच जेवण दिलं. त्यात नऊ वेगवेगळे पदार्थ होते. निम्मे जण संगणकावर पत्त्यांचा डाव खेळत जेवले, निम्मे नुसतेच जेवले. अर्ध्या तासाने सगळ्यांपुढे बिस्किटं ठेवली. खेळत जेवलेल्यांनी बिस्किटं जास्त खाल्ली, आणि आपण आधी काय काय कोणत्या क्रमाने खाल्लं हेही त्यांना नीट आठवेना. मला या अभ्यासाने चटका लावला तो या आठवणीमुळे. जेवण झालं, पण जेवल्याची नोंद झाली नाही. जेवणाच्या सुट्टीत मीटिंग ठेवणारा प्रत्येक वरिष्ठ आपल्या हाताखालच्या माणसांच्या पोटाशी हेच करत असतो.

आता अन्नाच्या प्रकाराकडे येते, कारण वेळ आणि पदार्थ ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस जणांना महिनाभर आपल्याकडे ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साध्या जिनसांपासून रांधलेलं. दोन्ही ताटांत कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू यांचं प्रमाण जुळवलेलं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलोने वाढली. दुसऱ्या काळात तेवढीच उतरली. एक नोंद मला फार बोलकी वाटते: ते अन्न लोक जास्त वेगाने खात होते. मऊ, कोरडं, चावायला फारसं काही नसलेलं, एका हाताने धरून खाता येणारं. ज्याला बसायला जागा नाही आणि पाचच मिनिटं हाताशी आहेत, त्याच्यासाठीच जणू ते बनवलेलं असतं. वेळ हिरावून घेतला की माणूस आपोआप त्या पाकिटाकडे वळतो. मग आपण त्याला पाकीट सोडायला सांगतो, आणि वेळ काही परत करत नाही.

मीठही तिथूनच येतं. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची शिफारस दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, आणि जगाची सरासरी तिच्या दुपटीहून जास्त आहे. टिकाऊ आणि तयार अन्नावर दिवस काढणाऱ्याला ते मीठ स्वतःच्या हाताने कमी करता येत नाही. ते आधीच घातलेलं असतं.

झोप हा या साखळीतला आणखी एक दुवा. २००४ मध्ये बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. भूक चेतवणारं संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं, तृप्ती देणारं १८ टक्क्यांनी उतरलं, आणि भूक २४ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनीच सांगितलं. अपुऱ्या झोपेच्या माणसाला 'तोंडावर ताबा ठेव' असं म्हणणं मला क्रूर वाटतं. त्याचं शरीर त्याला खा म्हणून ओरडून सांगत असतं.

या सगळ्यात ज्यांची कुचंबणा मला सर्वांत जास्त बोचते ते म्हणजे इतरांचं जेवण पोचवणारे. दुपारी बारा ते तीन आणि रात्री सात ते अकरा हा त्यांच्या कमाईचा वेळ, आणि नेमका तोच जगाच्या जेवणाचा वेळ. खेपेमागे पैसे मिळतात, त्यामुळे जेवायला थांबलेली प्रत्येक मिनिटं खिशातून जातात. आमच्या इमारतीत येणाऱ्या एका मुलाला मी एकदा सहज विचारलं, "तू कधी जेवतोस रे?" तो म्हणाला, "काकू, साडेतीनला. आणि मग एकदम रात्री बारानंतर." त्याच्या पाठीवरच्या पेटीतून गरम अन्नाचा वास येत होता. त्याला आहाराचा कुठला कागद द्यायचा? त्याचं मधुमेहाचं किंवा रक्तदाबाचं निदान होईल तेव्हा त्याच्या नोंदवहीत 'अनियमित खाणं' असं लिहिलं जाईल. ही अनियमितता त्याच्या कामाच्या मोबदल्याच्या रचनेतच आहे, हे कुणी लिहिणार नाही.

मुलांच्या बाबतीतही आपण हेच करतो. पोषणाचे धडे शिकवतो आणि डबा खायला वेळ देत नाही. अमेरिकेतल्या शाळांमध्ये याची मोजदाद झाली आहे. २०१६ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात, जेवायला वीस मिनिटांपेक्षा कमी मिळणारी मुलं मुख्य पदार्थ, भाज्या आणि दूध तिन्ही कमी घेत होती. २०२१ च्या प्रयोगात बसून खायचा वेळ वीस मिनिटांवरून दहावर आणला, तेव्हा फळं आणि भाज्या लक्षणीय कमी खाल्ल्या गेल्या. हे कळायला संशोधन लागावं याचंच वाईट वाटतं. भाजी चावायला वेळ लागतो. घंटा वाजणार हे ठाऊक असलेलं मूल आधी आवडीचं आणि पटकन संपणारं खातं. सुट्टीतली दहा मिनिटं हात धुण्यात आणि रांगेत जातात, ती वजा करून किती उरतात हे शाळांनी एकदा घड्याळ लावून पाहावं.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं: मनात असेल तर वेळ काढता येतो. काही जणांना येतो, खरं आहे. मलाही येतो, माझं काम घरून चालतं. पण जो कारखान्यातल्या फिरत्या पट्ट्याशेजारी उभा राहून माल भरतो, ज्याच्या हाती स्टिअरिंग आहे, जिच्या वॉर्डात तीस खाटा आहेत, त्यांच्यासाठी वेळ काढणं म्हणजे कुणालातरी आपल्या जागी उभं करणं. ते माणूस एकट्याने करू शकत नाही. दुसरं उत्तर असं, की विश्रांतीचा कायदा आहेच. बऱ्याच देशांत आहे. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार सहा तासांहून जास्त काम करणाऱ्या प्रत्येकाला विश्रांतीचा हक्क आहे. पण कायद्यातली विश्रांती आणि खरोखरचं जेवण यांच्यात बरंच अंतर असतं. बदली माणूस कोण, बसायची जागा किती लांब, फोन बंद ठेवता येतो का, पगार कापला जातो का, यावर ती विश्रांती खरी की कागदावरची हे ठरतं.

म्हणून मागण्या अगदी साध्या आणि मोजता येतील अशा हव्यात. सलग अर्धा तास, ज्यात चालत जायचा आणि रांगेचा वेळ धरलेला नाही. त्या अर्ध्या तासात माणसाच्या जागी कोण, त्याचं नाव आधीच लिहिलेलं. बसायला खुर्ची, हात धुवायला पाणी, डबा गरम करायची सोय. जेवणाच्या वेळात मीटिंग नाही. शाळेत वीस मिनिटं, मूल डब्यापुढे बसल्यापासून मोजलेली. रात्रपाळी अशा वेळी सुरू व्हावी की माणूस घरी जेवून निघू शकेल, आणि पाळ्या आठवड्यागणिक उलटसुलट फिरू नयेत. खेपेवर काम करणाऱ्यांना जेवणाच्या थांब्याचे पैसे. याला खर्च येतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. वॉर्डात एक माणूस वाढवावा लागेल, एखादी पाळी लांबेल. पण आजही तो खर्च होतोच आहे. तो औषधांच्या दुकानात होतो आणि ज्याचा वेळ गेला त्याच्याच खिशातून होतो.

घराघरांतही असा एक न लिहिलेला तक्ता असतो. रांधणारी व्यक्ती सगळ्यांना गरम वाढते आणि स्वतः शेवटी, ओट्याशी उभ्या उभ्या, उरलंसुरलं खाऊन घेते. त्यासाठी कुठल्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. बाकीच्यांनी पाच मिनिटं थांबून एकत्र बसायचं आहे.

माझ्या बहिणीच्या वॉर्डात यंदा नवीन इनचार्ज सिस्टर आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पट्टी घेऊन रात्रीच्या तक्त्यात पेन्सिलीने एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'जेवण – कोण, किती ते किती, जागेवर कोण.' खाली तिघींच्या नावांपुढे जागा सोडली. औषधांच्या खोलीतलं एक मोडकं स्टूल दुरुस्त करून आणलं. पहिल्या सात रात्रींत पाच वेळा तो रकाना कोराच राहिला, कारण तिघींतली एक सुट्टीवर होती आणि बदली कुणी मिळालं नाही. परवा बहिणीचा फोन आला. गेल्या आठवड्यात चार रात्री तिथे सह्या आहेत, म्हणाली, आणि त्यातल्या दोन तिच्या आहेत.